ठोक्याला ठोका

१

ठाण्याला चरईतल्या एका हॉलात महिन्यातून एका रविवारी सकाळी जुने सिनेमे लागायचे. तिथं स्पीकर लावायचं काम कोलशेतच्या सिद्धेशचं होतं. आता ते प्रणितच्या गळ्यात आलं होतं.

सिद्धेश त्याचा थोरला भाऊ. कोलशेत गावात हळद असो की हंडी, बॉक्स सिद्धेशचेच वाजायचे. लग्न ठरलं की आधी हॉल बघायचा की आधी सिद्धेशची तारीख घ्यायची, यावरून घराघरांत वाद व्हायचे. पण त्याचा खरा जीव या रविवारच्या कामावर. "इथं आवाज वाढव म्हणून कोन बोंबलत नाय," तो म्हणायचा. "गप बसून ऐकतात. असं गिऱ्हाईक बघितलंस कधी?"

पावसाळा सरता सरता एका सकाळी तो लावलेलं जाळं बघायला होडी घेऊन खाडीत गेला, तो परत आला नाही. होडी सापडली. पलीकडच्या तिवरांत नाक खुपसून उभी होती, चुकलेल्या गुरासारखी. आत जाळं होतं, जेवणाचा डबा होता, डब्यात चपात्या तशाच होत्या. वल्हं नव्हतं आणि सिद्धेश नव्हता.

प्रणितनं आठवीत शाळा सोडली तेव्हा बापानं फोडून काढलं होतं आणि दादानं हातात सोल्डरिंगची गन दिली होती. दादा डावरा. त्याचं बघून बघून शिकल्यामुळे प्रणितही वायरीला उलटा पीळ देई. आताही हॉलात बसून वायर जोडताना तो उलटा पीळ दिसला आणि त्यानं वायर भिरकावली. मग उठून स्वतःच घेऊन आला.

"झालं का रे?" त्र्यंबककाकांनी विचारलं. सिनेमाच्या मंडळींचे ते म्होरके. कारखान्यात इंजिनियर होते, निवृत्त झाल्यावर हे खूळ घेतलेलं. "सिद्धेशचं काही कळलं?"

"नाय काका. येईल तो."

काका चष्मा पुसत राहिले. त्यांच्या बायको, प्रमोदिनीकाकू, मागच्या टेबलावर कॉफीचे कप मांडत होत्या. त्यांनी उपम्याची बशी आणून त्याच्या मिक्सरवरच ठेवली.

"काकू, मशीनवर नको."

"मग हातात धर. रिकाम्या पोटी माणसाला नाही नाही ते दिसतं."

२

काकांनी पडद्यापुढे उभं राहून नेहमीसारखं थोडं सांगितलं. सिनेमा जर्मन, बोलपट नुकते निघाले होते तेव्हाचा. धुक्यात एक मालवाहू जहाज सापडतं. टेबलावर ताटं मांडलेली, सूप अजून गरम, आणि जहाजावर एक माणूस नाही. तपासाला एक अधिकारी चढतो. एवढीच गोष्ट.

"आवाज नवा होता," काका म्हणाले. "सगळ्यांना त्याची हौस. जो तो नटांना बोलायला लावत होता, गाणी कोंबत होता. या दिग्दर्शकानं उलटं केलं. त्याच्याकडे माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो. आणि माणूस निघून गेला तरी कॅमेरा तिथंच राहतो, रिकाम्या खोलीकडे बघत. जणू अजून कोणीतरी यायचं बाकी आहे. एक लक्षात ठेवा, शेवटचं रीळ सापडलेलं नाही. एका बंद दारापाशी सिनेमा संपतो. नंतर माझ्याशी भांडू नका."

लोक हसले. प्रणित मागे मिक्सरपाशी होता. रिकाम्या खोलीकडे बघत राहायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी जर्मनानं शिकवायला नको होतं. घरात दादाची खाट तशीच होती.

सिनेमा सुरू झाला. जहाजाचा भोंगा असा काही आला की खुर्चीचे पाय थरथरले; त्यानं बेस खाली आणला. अधिकारी डेकवरून फिरला, जिन्यानं उतरला. एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना केबिनची दारं. बुटांचा आवाज आधी आला, माणूस नंतर. बोळाच्या टोकाला एक दार बंद. अधिकारी थांबला आणि आवाज गेला. भोंगा नाही, लाटा नाहीत, श्वास नाही. पडद्यावर नुसतं दार.

तेव्हा ठोका आला. ठक ठक. मग दम घेऊन, ठक.

प्रणितच्या अंगावर काटा आला तो भीतीनं नाही. हा त्यांच्या घरचा ठोका होता.

खाडीवर धुकं उतरलं की आत येणाऱ्या होडीला धक्का दिसत नाही. मग होडीवरचा माणूस वल्ह्यानं होडीच्या कडेवर ठोका देतो. काठावर जो वाट बघत असेल त्यानं खुंट्यावर तोच ठोका परत द्यायचा. होडी त्या रोखानं येते. हाक मारायची नाही. पाण्यावर माणसाचं नाव घेतलं की पाणी ते पाठ करतं, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणून घराघराचा ठोका वेगळा. होडी काठाला लागली की माणूस वल्हं आत टाकतो, लाकडावर लाकूड घासतं, खर्र. तो आवाज म्हणजे पोचलो. तोवर काठावरच्यानं थांबायचं नाही.

हे सगळं आठवायला त्याला वेळ लागला नाही, कारण त्याला काही आठवावंच लागलं नाही. हात आपसूक उठला. बाजूच्या बेस बॉक्सच्या लाकडावर त्यानं बोटांची हाडं आपटली. ठक ठक. ठक.

त्या शांततेत तो आवाज हॉलभर झाला. पुढच्या रांगांमधली डोकी वळली. पडद्यावरच्या अधिकाऱ्यानंही मान वळवली आणि मागं पाहिलं. सिनेमातच तो तसा वळत असणार, असं प्रणितनं स्वतःला सांगितलं.

"अरे, नेमकं तिथंच?" सिनेमा संपल्यावर काका खरंच रागावले होते. "सबंध सिनेमाचा जीव त्या एका शांततेत आहे."

"काका, आतून ठोका आला ना."

"कुठला ठोका? त्या जागी आवाजच नाही. मी हा सिनेमा कितीदा पाहिलाय."

"अहो, राहू द्या," काकू म्हणाल्या. "पोराचा चेहरा बघा."

प्रणित मिक्सरकडे बघत होता. आवाज आला की त्यावर हिरवे दिवे उड्या मारतात. ठोका आला तेव्हा ते सगळे विझलेले होते, हे त्याला आता जाणवलं.

"पेनड्राइव्ह राहू दे माझ्याकडं?" तो म्हणाला. "लाइनमध्ये काय लोचा आहे तो चेक करतो."

३

घरी बाप ओटीवर बसला होता. दामाजी आता खाडीत जात नसे. गुडघे गेले होते. पण भरती-ओहोटीच्या वेळी तो आपोआप उठून बसे. मागच्या दारी आये खलबत्त्यात मिरची कुटत होती. थांबून थांबून कुटत होती.

"बुधवारी भटजी येतोय," बाप म्हणाला. "प्राप्तीला फोन केलाय. उद्या-परवा येईल कल्यानवरनं."

प्राप्ती म्हणजे वहिनी. दादा गेल्यापासून ती माहेरी होती.

"कशाला भटजी?"

"तुला म्हाईत आहे कशाला."

"बॉडी नाय भेटली, बाबा."

"नाय भेटली म्हणूनच दर्भाचा पुतळा करायचा. त्यालाच अग्नी द्यायचा. पोरगा पाण्यावर राहिलाय. त्याला काठावर आणायला नको? किती भटकवू?"

"जित्या माणसाला जाळणार तुम्ही," प्रणित म्हणाला आणि पायातली चप्पल भिंतीवर फेकली. ती कॅलेंडरला लागून खाली पडली. ह्या घरात आता कुणी प्रणितला ओरडत नव्हतं आणि त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

"मी त्याचा ठोका ऐकला," तो म्हणाला.

बापाच्या तोंडावर काहीतरी उजळलं, आणि लगेच विझलं. "कुठं?"

"ठाण्याला. पिक्चरमध्ये."

"दिलास परत?"

"दिला."

दामाजीनं गुडघ्यावरून हात फिरवला.

"घरचं मानूस पाण्यावर असलं तर ठोक्याला ठोका द्यायचा," तो म्हणाला. "पन सगळी मानसं घरात असली आनि तरी ठोका आला, तर द्यायचा नाय. ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. हे पन तुला सांगितलेलं लहानपनी."

"दादा घरात कुठं आहे?"

"बुधवारी आनतोय त्याला घरात," बाप म्हणाला.

मागच्या दारी खलबत्ता वाजला, थांबला. प्रणितनं तिकडे लक्ष दिलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: बुधवारपर्यंत वेळ आहे. बुधवारपर्यंत दादा पाण्यावरचा माणूस आहे, आणि त्याला उत्तर देणं हे काठावरच्या माणसाचं कामच आहे. बुधवारनंतर दादाला कुणी उत्तर देणार नाही.

४

दादाची साउंडची खोली घरामागे होती, पत्र्याची. आत बॉक्स एकावर एक रचलेले, लग्नाच्या मंडपात उभे असतात तसे, फक्त गप्प. दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. प्रणितनं लॅपटॉप उघडला, हेडफोन घातले आणि सिनेमा पुढे ढकलून बोळापाशी आणला.

बुटांचा आवाज. अधिकारी. बंद दार. मग शांतता.

काहीच आलं नाही. त्यानं आवाज पूर्ण वाढवला. जुन्या फिल्मची खरखरसुद्धा नव्हती. काका खरं बोलत होते. तिथं कुणी आवाज भरलेलाच नव्हता. आपण उपाशी होतो, रात्रभर जागे होतो, बस. त्यानं हेडफोन काढून गळ्यात टाकले.

ठक ठक. ठक.

आवाज समोरच्या रचलेल्या बॉक्समधून आला होता. खालच्या, सगळ्यात मोठ्या. त्याला वायर जोडलेली नव्हती. ती भिंतीवर खिळ्याला गुंडाळून टांगलेली होती, दादानं टांगली तशीच, उलट्या पिळाची.

पत्रा तापला की वाजतो, प्रणितनं विचार केला. लाकूडही फुगतं. उंदीरसुद्धा असतील. पण पत्र्याला आमच्या घरचा ठोका कुणी शिकवला?

तो उठला, बॉक्ससमोर उकिडवा बसला आणि लाकडावर परत ठोका दिला. मग कान लावला. आत ओलसर थंडावा होता, दुपार असून. खाडीच्या चिखलाचा वास आला. पण तो वास तर ह्या गावात भिंतींनाही येतो.

परत लॅपटॉपकडे वळला तर पडद्यावर दार होतं. ते बोटभर उघडं होतं.

त्यानं सिनेमा मागं नेला आणि पुन्हा चालवला. बूट, अधिकारी, दार. आता फट हातभर होती.

त्यानं काकांना फोन लावला. "काका, ते शेवटचं दार. ते उघडतं का?"

"नाही रे. तिथंच तर तुटतं सगळं. का?"

"माझ्याकडं उघडतंय."

पलीकडे काकांचा आवाज एकदम उत्साही झाला. "अरे, असं असू शकतं. तेव्हा डबिंग नव्हतं. मग एकाच सेटवर तोच सिनेमा दोन भाषांत काढायचे. जर्मन नट काम करून उठले की फ्रेंच नट येणार. जमिनीवर खडूची खूण असायची, तिथंच येऊन उभं राहायचं. तीच केबिन, तेच दार, फक्त बाहेर येणारा माणूस दुसरा. तुझ्या फाईलला तो तुकडा कुठूनतरी जोडला गेला असेल. तसं असेल तर मोठीच गोष्ट आहे." मग ते थांबले. "पण ती दुसरी प्रत शिल्लक आहे असं मी कधी ऐकलं नाही."

"म्हणजे दार तेच, माणूस दुसरा?"

"हो. प्रणित, तू जेवलास का?"

त्यानं फोन ठेवला. दादा नेहमी म्हणायचा, पडद्यावर काय दिसतं त्याकडं बघू नको, आवाज ऐक. आवाज खोटं बोलत नाही. प्रणितनं ते धरून ठेवलं. आवाज घरचा होता.

५

मंगळवारी प्राप्ती आली. सासूच्या पाया पडली, आत जाऊन चहा टाकला, आणि कप घेऊन सरळ पत्र्याच्या खोलीत आली. खोलीच्या दारात जरा अडखळली. दाराच्या डाव्या बाजूला भिंतीवर एक काळपट चट्टा होता. दादा खाडीवरून आला की वल्हं तिथं टेकवायचा. घरातले बाकी सगळे पुरुष उजवीकडे टेकवत आले, दादा एकटा डावीकडे. त्यावरून आये त्याला लहानपणापासून बोलायची.

"बाबा सांगत होते," प्राप्ती म्हणाली. "दाखव मला."

त्यानं सिनेमा लावला. शांतता आली. ठोका आला, बॉक्सच्या पोटातून, आता इतका स्वच्छ की त्याच्या दातांना जाणवला. त्यानं परत दिला. तिच्याकडे बघितलं.

"मला नाय ऐकू आलं," ती म्हणाली.

"तू ऐकतच नाहीयेस."

"प्रणित, तुझ्या दादाचे पाय अंगणात वाजले की मला कळायचं. माझ्याइतकं कोण ऐकणार?" कप तिच्या हातात गार होत होता. "आणि यायचंच असलं तर माझ्याकडं नाय का येणार तो? तुझ्या ह्या डबड्यात काय आहे?"

तिनं कप टेबलावर ठेवला.

"उद्या ते हे काढायला लावतील," ती गळ्यातल्या मण्यांवर बोट ठेवून म्हणाली. "मी आईला सांगून आलेय, रडणार नाय म्हणून. तू आला नाहीस तर बाबांना एकट्यानं करावं लागेल. त्यांना धड खाली बसता येत नाय."

"मी येणार नाय. दादा येतोय आणि तुम्ही त्याला जाळताय."

"आणि आला तर?" तिचा आवाज खाली गेला. "एवढे दिवस पाण्यात राहिलेला माणूस कसा येईल, ह्याचा विचार केलास? मी करते. रोज करते. मला भीती वाटते त्याची. माझ्याच नवऱ्याची."

"बायको असून असं बोलतेस?"

"बायको आहे म्हणून बोलते."

त्यानं टेबलावर मूठ आपटली. कप कलंडला. तिनं पदरानं चहा पुसला, लॅपटॉप उचलून कोरड्या जागी ठेवला, आणि ठेवता ठेवता पडद्याकडे बघून थांबली.

"हे दार असं उघडंच असतं का?" तिनं विचारलं.

प्रणितनं बघितलं. दार पूर्ण उघडं होतं. आत अंधार, आणि अंधारातून पाण्याची एक काळी चमकती जीभ बोळात आलेली. ती जिथं थांबली होती तिथं जमिनीवर खडूची फुली होती.

६

बुधवारी भर दुपारी, भरतीच्या वेळी, धक्क्यावर भटजी, दामाजी आणि भावकीतले काही जण जमले. बायका घरी होत्या. दर्भाचा पुतळा लाकडांवर ठेवलेला, इतका हलका की वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या छातीवर नारळ ठेवला होता. आकाश साफ. पलीकडचे टॉवर, घोडबंदरची गर्दी, सगळं लख्ख दिसत होतं. धुक्याचा मागमूस नाही.

तेवढ्यात टेम्पो आला.

प्रणितनं सगळे बॉक्स उतरवले आणि धक्क्याच्या टोकाला रचले, खाडीकडे तोंड करून. जनरेटर चालू केला.

"डोकं फिरलंय का रं तुझं?" एक चुलता म्हणाला. "मयताला डीजे?"

"एकदा," प्रणित बापाकडे बघून म्हणाला. "बाबा, एकदा. नाय आला तर मीच अग्नी देतो. शपथ."

दामाजीनं भटजीकडे बघितलं. भटजी घड्याळ बघत म्हणाला, "मुहूर्ताला थोडा अवकाश आहे."

भोंगा खाडीवर गेला तेव्हा तिवरांतले बगळे एकदम उठले. मग बूट. हळद गाजवणाऱ्या त्या बॉक्समधून त्या जर्मन माणसाचे बूट पाण्यावर चालत गेले, चालत गेले, आणि थांबले. प्रणितनं जनरेटर बंद केला. लॅपटॉप बॅटरीवर होता. आता पुढे ती शांतता होती. त्याला वाटलं, दादा असता तर म्हणाला असता, एवढे बॉक्स लावून गप बसायला तूच पाहिजेस.

ठक ठक. ठक.

बॉक्समधून नाही. पाण्यावरून.

प्रणितनं धक्क्यावरचा बांबू उचलला आणि खुंट्यावर उत्तर दिलं. भावकीतली माणसं एकमेकांकडे बघत होती, त्यांना काही कळलेलं दिसत नव्हतं. पण बाप उठून उभा राहिला होता. गुडघे धरून, कुणाचा आधार न घेता.

ठोका पुन्हा आला. जवळून. लाकडावर लाकूड, पाण्याखालून आल्यासारखं जड. पाणी सपाट होतं. त्यावर काही नव्हतं. प्रणितनं पुन्हा बांबू उचलला.

त्याच्या मनगटावर बापाचा हात पडला.

"थांब."

"ऐकलं ना तुम्ही? ऐकलंत ना?"

"ऐकलं," दामाजी म्हणाला. "लहानपनी पन ऐकलेलं. आबा, माझा बाप, पन खाडीतच राहिला. मी तुझ्याएवढा असेन. असाच हितं उभा राहून ठोका देत होतो. माझ्या आजानं असाच हात धरला."

"सोडा, बाबा. दादा आहे."

"कशावरनं?" बापाचे डोळे पाण्यावर होते. त्याच्या आवाजात राग नव्हता. "हा ठोका घराचा आहे, बाळा. मानसाचा नाय. तुझा दादा हाच देतो. आबा हाच द्यायचा. त्याच्या आधीचे, ज्यांची मला नावं पन म्हाईत नाय, ते हाच द्यायचे. कोन येतंय ते तू कसं ओळखशील?"

तेच दार, माणूस दुसरा. प्रणितनं लॅपटॉपकडे बघितलं. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता. त्यानं हातानं सावली केली.

बोळ रिकामा नव्हता. खडूच्या फुलीवर एक माणूस उभा होता. अंगावरून पाणी गळत होतं. उंची दादाएवढी. खांदे दादासारखे, किंवा बापासारखे, किंवा ह्या घरातल्या कुणाही पुरुषासारखे. तोंड अंधारात. हातात वल्हं होतं. उजव्या हातात.

फिल्म उलटी बसली असेल, प्रणितला वाटलं. आरशात दिसतं तशी. होतं असं. फिल्म उलटी बसली की डावं उजवं होतं.

ठोका आला. आता धक्क्याच्या अगदी खाली. आणि मग तो थांबून राहिला, काठावरून शेवटचं उत्तर यावं म्हणून.

बांबू त्याच्या हातात जड झाला. फक्त नाव घेऊन हाक मारली असती, तर तो दादा आहे की नाही ते कळलं असतं. पण पाण्यावर नाव घ्यायचं नसतं. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून आवाज आला नाही. बापानं त्याची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी, आणि बांबू खाली ठेवला.

अग्नी प्रणितनंच दिला. दर्भ भसकन पेटला. तो जळेपर्यंत खालून ठोका येत राहिला, धीरानं, न चिडता, जसा दादा कधीच चिडत नसे. मग थांबला. वल्हं आत टाकल्याचा आवाज मात्र आला नाही. ठोका देणारा कुठंच पोचला नव्हता, एवढं प्रणितला कळलं, आणि तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

७

अंघोळी करून, ओल्या कपड्यांनी दोघं घराकडे आले. बाप त्याच्या खांद्यावर हात टाकून चालत होता आणि हात आधारासाठी आहे असं दाखवत होता.

"आता सगळी घरात आहेत," तो म्हणाला. "आता आला ठोका तर द्यायचा नाय. मी पन नाय देनार. सवय होते."

ओटीवर प्राप्ती उभी होती. तिचा गळा मोकळा होता. तिनं नुसतं मागच्या दाराकडे बोट केलं.

मागच्या दारी आये बसली होती, खलबत्त्यापुढे. खलबत्त्यात मिरची नव्हती. काहीच नव्हतं. तिच्या हातात बत्ता होता. तिनं तो रिकाम्या खलात आपटला, दोनदा, लागोपाठ. थांबली. मान तिरकी करून कान दिला. मग एकदा.

"आये," प्रणित म्हणाला. "काय करतेस?"

"तुम्ही थांबलात ना तिकडं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं, थकलेलं, गोड. "मला वाटलंच थांबाल. बाप्यांना दम नसतो. मी पहिल्या दिवसापासनं देतेय. कुनीतरी द्यायला नको? पोर वाट चुकलं असतं."

दामाजी दाराला धरून खाली बसला.

"आता नको देऊ, आये."

"आता कशाला देऊ?" ती बत्ता बाजूला ठेवून उठली. "वल्हं टाकल्याचा आवाज नाय आला तुम्हाला? प्राप्तीनं पन ऐकला. विचार तिला."

प्राप्तीनं मान खाली घातली होती.

आये हात पुसत आत गेली. आतून फळीवरनं ताट काढल्याचा आवाज आला, मग भाकरीची टोपली सरकवल्याचा. प्राप्ती तिच्यामागे गेली, तिला एकटं सोडायला नको म्हणून. बाप पाठमोरा बसून राहिला. मागच्या दारी कुणी उरलं नाही.

प्रणित जागचा हलला नाही. माणसं निघून गेल्यावरही रिकाम्या जागेकडे बघत राहणाऱ्या त्या जर्मन कॅमेऱ्यासारखा तो अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. ते त्यानं दुपारी कुलूप लावून बंद केलं होतं. आता ते उघडं होतं, आत अंधार होता, आणि बाहेर भिंतीला टेकवलेलं वल्हं होतं. जुनं, शेवाळलेलं, टोकातून पाणी ठिबकणारं.

डाव्या बाजूचा काळपट चट्टा कोरडाच होता. वल्हं उजवीकडे टेकवलेलं होतं.